४ जानेवारीचे बारा दिनविशेष आणि परिपाठाची पाच मिनिटं

रोज रात्री नऊ-साडेनऊच्या सुमाराला आपल्या मोबाईलवर एक यादी येऊन पडते. वर ठळक अक्षरात ‘उद्याचा परिपाठ’, शेजारी गुलाबाचं फूल, खाली सुविचार, बोधकथा, सामान्य ज्ञानाचे पाच प्रश्न आणि मग ‘दिनविशेष’. ही यादी कोणी बनवली, कुठे बसून बनवली, कशावरून बनवली, हे कोणालाच ठाऊक नसतं. ती जिल्ह्याच्या गटातून तालुक्याच्या गटात येते, तालुक्यातून केंद्राच्या गटात, आणि सकाळी ज्या मुलाची पाळी असेल त्याच्या हातात जाते. मूल वाचतं, बाकीची मुलं ऐकतात (म्हणजे उभी असतात), आणि दिनविशेष संपतो.

आता ४ जानेवारीची यादी बघा. जागतिक ब्रेल दिन. राष्ट्रीय स्पॅगेटी दिन. राष्ट्रीय ट्रिव्हिया दिन. १६४३ : सर आयझॅक न्यूटन यांचा जन्म. १८०९ : लुई ब्रेल यांचा जन्म. १८८१ : पुण्यात ‘केसरी’ वृत्तपत्र सुरू. १९३१ : अभिनेत्री निरूपा रॉय यांचा जन्म. १९४८ : ब्रह्मदेश स्वतंत्र. १९९४ : संगीतकार राहुलदेव बर्मन यांचे निधन. २००४ : ‘स्पिरिट’ यान मंगळावर उतरले. २०१० : दुबईत बुर्ज खलिफाचे उद्घाटन. २०२२ : सिंधुताई सपकाळ यांचे निधन. झाले बारा. चौथीतलं चांगलं वाचणारं मूल हे सव्वा ते दीड मिनिटात वाचतं. म्हणजे न्यूटनच्या वाट्याला सात सेकंद, सिंधुताईंच्या वाट्याला सात सेकंद आणि स्पॅगेटीच्याही वाट्याला सात सेकंद.

माझं म्हणणं सरळ आहे. यातले अकरा सोडा, एक घ्या. पूर्ण पाच मिनिटं त्या एकाला द्या. कुठला एक, हे यादी ठरवणार नाही, शिक्षक ठरवेल. त्या शिक्षकाला आपली मुलं माहीत आहेत, यादी बनवणाऱ्याला नाहीत.

४ जानेवारीच का निवडली, तर ती एकदम साधी तारीख आहे म्हणून. आदल्या दिवशी ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी सगळ्या शाळेत मुली नऊवारी नेसून येतात, भाषणं होतात, फोटो निघतात. पुढे १२ तारखेला जिजाऊ जयंती, आपल्या जिल्ह्याचा तर तो सणच. सिंदखेडराजाला जाणाऱ्या गाड्या पहाटेच निघतात. मधली ४ तारीख कोणाची नाही. त्या दिवशी सूचना नसते, प्रभातफेरी नसते, अहवाल मागत नाहीत. घाटाखाली आपल्याकडे त्या दिवसांत सकाळी चांगलीच थंडी असते. परिपाठाच्या रांगा सरळ राहत नाहीत, कारण पोरं हळूहळू उन्हाच्या पट्ट्याकडे सरकत जातात. अशा साध्या दिवशी शाळा खरी कशी चालते ते कळतं.

तर मागच्या वर्षी या तारखेला आमच्या शाळेत यादीतलं दुसरंच वाक्य वाचल्यावर तिसरीतल्या एकाने रांगेतूनच विचारलं, “मॅडम, स्पॅगेटी काय राहते?” प्रश्न अगदी बरोबर होता. त्याच्यापेक्षा पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही, तो आपण शिक्षकांनी विचारायला हवा : ‘राष्ट्रीय’ म्हणजे कोणत्या राष्ट्राचा? हा दिवस अमेरिकेतला आहे. ट्रिव्हिया दिन पण तिथलाच. मूळ यादीत ‘नॅशनल’ लिहिलेलं होतं, कोणीतरी त्याचं ‘राष्ट्रीय’ केलं, आणि मलकापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिरंग्याच्या खांबाजवळ उभं राहून मूल वाचतं की आज राष्ट्रीय स्पॅगेटी दिन आहे. डी.एड. ला आपण सगळ्यांनी पाठ टाचणात लिहिलं आहे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. इथे ज्ञात काहीच नाही, एका अज्ञाताकडून आपण दुसऱ्या अज्ञाताकडे जातो आणि तिसऱ्यापाशी थांबतो.

हे दिवस येतात कुठून, हे एकदा समजून घेतलं की यादीची भीती जाते. काही दिवस संयुक्त राष्ट्रसंघ ठरवतो. त्यासाठी आमसभेत ठराव होतो, देश हात वर करतात. जागतिक ब्रेल दिन असाच आला, ठराव २०१८ चा आणि पहिला दिवस पाळला गेला तो ४ जानेवारी २०१९ ला. काही दिवस आपलं केंद्र किंवा राज्य सरकार जाहीर करतं. आणि बाकीचे गमतीचे दिवस, म्हणजे पॉपकॉर्नचा, मिठीचा, पायमोजे हरवल्याचा, हे कोणीही सुरू केलेले असतात. अमेरिकेत १९५७ मध्ये चेस आडनावाच्या दोन भावांनी असे दिवस गोळा करून दरवर्षी पुस्तक काढायला सुरुवात केली, ते पुस्तक अजून निघतं. पुढे इंटरनेट आलं आणि असे दिवस नोंदवणारी संकेतस्थळं निघाली. खाण्याच्या पदार्थांचे इतके दिवस का असतात, हे ज्याला दुकान माहीत आहे त्याला सांगायला नको. माझा या दिवसांवर राग नाही. पण ठराव करून आलेला दिवस आणि विक्रीसाठी काढलेला दिवस एकाच सुरात, एकामागे एक वाचला तर मुलांना दोन्हीतला फरक कसा कळणार?

४ जानेवारीला मी ब्रेल घेते. त्याचं कारण सांगते, कारण निवड कशी करायची हे त्यातूनच जास्त स्पष्ट होईल.

लुई ब्रेल पॅरिसजवळच्या कूव्रे नावाच्या गावातला. वडील घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचा साज बनवायचे. लुई तीन वर्षांचा असताना वडिलांच्या दुकानात आरी घेऊन खेळत होता. आरी म्हणजे काय ते आमच्या पोरांना सांगावं लागत नाही, बस स्टँडजवळ चपला शिवतात तिथे सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती आरी डोळ्यात गेली. त्या डोळ्याची जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं. एवढं सांगितलं की रांग आपोआप गप्प होते. दहाव्या वर्षी, १८१९ मध्ये, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत गेला. तिथे पुस्तकं होती, पण त्यात नेहमीचीच अक्षरं मोठी करून, कागदावर उठवलेली. एकेक अक्षर बोटाने चाचपत ओळखायचं, ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. आणि त्या अक्षरांत मुलांना स्वतः काही लिहिता येत नव्हतं. मग शार्ल बार्बिए नावाच्या माणसाने अंधारात बोटाने वाचता येईल अशी बारा टिंबांची एक लिपी शाळेत दाखवली. बारा टिंबं बोटाच्या एका पेराखाली मावत नाहीत. लुईने ती सहावर आणली. हे काम त्याने केलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. १८२९ मध्ये ती पद्धत छापून प्रसिद्ध झाली. पण त्याच्याच शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, आणि लुई वारला ६ जानेवारी १८५२ ला. म्हणजे दोन वर्षं उशीर. त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाल्यावर फ्रान्सने त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, देशातल्या थोर माणसांच्या शेजारी नेऊन ठेवले. त्याचे हात मात्र गावातच ठेवले, कूव्रेच्या दफनभूमीत. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम सांगते. मोठ्यांना ते विचित्र वाटतं, मुलांना अजिबात वाटत नाही. “हातानेच तर वाचत होता ना तो,” असं एक जण पटकन म्हणाला.

आता ही झाली गोष्ट. पण ब्रेल निवडायचं कारण फक्त गोष्ट नाही, त्यातून वर्गात जाऊन काहीतरी करता येतं. सहा टिंबं म्हणजे डावीकडे तीन, उजवीकडे तीन. डावीकडची वरून खाली १, २, ३, उजवीकडची ४, ५, ६. यातली काही उठवायची, काही सोडायची. असे एकूण किती वेगवेगळे आकार होतील? पाचवीच्या मुलांनी मोजायला सुरुवात केली की पंधराच्या पुढे गोंधळ उडतो, आणि उडू द्यावा. उत्तर ६३ आहे, सगळी कोरी सोडलेली जागा धरली तर ६४. प्रत्येक टिंब एकतर आहे किंवा नाही, दोन पर्याय, ते सहा वेळा दुप्पट केले की ६४. हे घातांक शिकवण्याच्या कितीतरी आधी मुलांच्या हाताला समजतं.

पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे, फेविकॉल आणि तुरीचे दाणे एवढ्यावर काम होतं. जानेवारीत आपल्याकडे तुरीला कमी नाही. मराठीसाठी जी ब्रेल वापरतात ती भारती ब्रेल. १९५१ मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी मिळून एक पद्धत ठरली. त्यात ‘क’ म्हणजे १ आणि ३ क्रमांकाची टिंबं, ‘म’ म्हणजे १, ३, ४ आणि ‘ल’ म्हणजे १, २, ३. तीन पुठ्ठे शेजारी ठेवले की ‘कमल’ झालं. डोळे मिटून बोट फिरवायचं आणि ओळखायचं. पहिल्या दिवशी कोणाला नीट जमत नाही, कारण मुलं बोट दाबतात. हलकं फिरवायचं असतं.

आणि यात पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांसाठी एक मोठी गोष्ट आहे, ती मला फार आवडते. आपल्या देवनागरीत ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येते, पण उच्चारात ती नंतर येते. पहिलीतली किती मुलं इथे अडकतात हे वेगळं सांगायला नको. भारती ब्रेलमध्ये ही अडचणच नाही. तिथे आधी ‘क’, मग ‘इ’, जसं तोंडाने म्हणतो तसं. एका मुलीला हे दाखवलं तर ती म्हणाली, “मॅडम, मग आपणच उलटं लिहितो का?” या प्रश्नावर एक अख्खा भाषेचा तास होतो. सात सेकंदांच्या दिनविशेषातून असा प्रश्न आजवर कोणाला आला आहे का?

नोटा पण आणा. पाचशेची नवी नोट असेल तर तिच्या दोन्ही कडांना पाच तिरक्या रेषा उठवलेल्या असतात, शंभराच्या नोटेला चार. दोनशेच्या नोटेलाही चार, पण त्यांच्यामध्ये दोन छोटी वर्तुळं. दृष्टिहीन माणसाला नोट ओळखता यावी म्हणून. मुलांनी कितीतरी वेळा नोटा हाताळलेल्या असतात, या रेषा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दिसतात. जुन्या डब्यात २ रुपयांचं २००९ चं नाणं सापडलं तर त्यावर लुई ब्रेलचा चेहरा निघू शकतो. त्याच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून भारत सरकारने ते काढलं होतं. आमच्या पोरांनी आठ दिवस घरातले सगळे डबे उपसले, त्याबद्दल दोन आयांनी मला बोलणी पण ऐकवली.

चौथीतल्या एकाने ते तुरीचे पुठ्ठे घरी नेले. आजीला नीट दिसत नाही, तिला शिकवतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की आजीने हात फिरवला आणि म्हणाली, “आता मले काय वाचाचं हाय बापा, तवा कोनं शाळेत घातलं नाई.” हे त्याने परिपाठात सगळ्यांसमोर सांगितलं. आदल्याच दिवशी आपण सावित्रीबाईंवर भाषणं केलेली होती. त्या भाषणांपेक्षा हे एक वाक्य पोरींना जास्त समजलं असं मला त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटलं.

यादीतलं बाकीचं वाया जातं असं कोणाला वाटेल. न्यूटनचं उदाहरण घेऊ. न्यूटन दुसऱ्या वर्षी घ्या, पण घ्यायचाच तर सफरचंदाची गोष्ट सांगू नका, तारखेची सांगा. आमच्या मुलांनी एकदा दिनविशेषाच्या वहीत शोधून काढलं की न्यूटनचा जन्म दोनदा झाला आहे, २५ डिसेंबरच्या पानावर १६४२ आणि ४ जानेवारीच्या पानावर १६४३. यादी बनवणाऱ्याने दोन्हीकडून उचललेलं. गंमत म्हणजे दोन्ही बरोबर आहेत. न्यूटन जन्मला तेव्हा इंग्लंडमध्ये जुनं, ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, आणि ते आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे होतं. इंग्लंडने नवं कॅलेंडर घेतलं १७५२ मध्ये, तोपर्यंत फरक अकरा दिवसांचा झाला होता. म्हणून त्या वर्षी २ सप्टेंबरला झोपलेली माणसं १४ सप्टेंबरला उठली. गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य तर आपल्या कितीतरी वह्यांत आहे. ते तेव्हाच खरं ठरतं जेव्हा एकाची तारीख नव्या कॅलेंडरने घेतो आणि दुसऱ्याची जुन्या. दोन्ही नव्याने घेतल्या तर गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला गेला आणि न्यूटन ४ जानेवारी १६४३ ला आला. वर्ष वेगळं.

तारीख आणि तिथीचा घोळ आपल्या मुलांना नवा नाही. शेगाव इथून जवळ. गजानन महाराजांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीला असतो, म्हणून दरवर्षी तारीख बदलते, हे घरचं ज्ञान आहे. २३ फेब्रुवारी १८७८ ही तारीख सांगितली तरी पायी वारी निघते ती तिथीलाच. यालाच म्हणायचं ज्ञात, इथून न्यूटनच्या दोन जन्मतारखांकडे जाता येतं. तसंच संक्रांतीचं. मुलांना वाटतं ती कायम १४ जानेवारीला असते. स्वामी विवेकानंद जन्मले त्या दिवशी मकर संक्रांत होती, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. संक्रांत साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, त्या दिवशी संक्रांत होती असं आपण सर्रास सांगतो, पण तेव्हा संक्रांत दोन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. हा विषय निघाला की मी फार वाहवत जाते, असो.

‘केसरी’बद्दल एवढंच सांगते. यादीत लिहिलेलं असतं, लोकमान्य टिळकांनी सुरू केला. त्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर होते, आगरकर होते, आणि पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर होते, १८८७ पर्यंत. हे आगरकर मॅट्रिकपर्यंत शिकले आपल्या अकोल्यात. मलकापूरहून गाडीत बसलं की दीड-दोन तासांत येतं ते अकोला. आपल्या भागातला एवढा मोठा धागा यादीत नसतो, आणि बुर्ज खलिफा असतो. हे मला खटकतं.

आणि सिंधुताई सपकाळ. ४ जानेवारी २०२२ ला पुण्यात त्या गेल्या. जन्म १४ नोव्हेंबर १९४८ चा, वर्धा जिल्ह्यातल्या पिंपरी मेघे गावचा. तो दिवस बालदिनाचा, हेही कोणी सांगत नाही. शाळा चौथीपर्यंत. घरात नकोशी म्हणून लहानपणी नाव ठेवलेलं ‘चिंधी’. ज्या शाळेत मुलींची गळती ही खरोखरची अडचण आहे, कापूस वेचणीच्या दिवसांत मोठ्या बहिणी लहान भावंडांना सांभाळायला घरी राहतात, तिथे हा दिनविशेष घ्यावा असं कोणाला वाटलं तर त्यांनी जरूर घ्यावा. पण मग पूर्ण घ्यावा. ‘अनाथांची माय’ एवढे दोन शब्द वाचून पुढे राहुलदेव बर्मनकडे जाऊ नये. त्यांची भाषणं पोरांच्या आया मोबाईलवर ऐकतात. एखाद्या आईला परिपाठाला बोलवा, ती सांगेल. आमच्याकडे एक ताई आल्या होत्या, पाच मिनिटं ठरली होती, पंधरा मिनिटं बोलल्या आणि पहिला तास अर्धा गेला. चालतं.

यावर सहकारी दोन गोष्टी म्हणतात. पहिली, स्पर्धा परीक्षा. बारा तारखा कानावर पडल्या तर पुढे उपयोग होतो. मला हे पटत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेला मराठी, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. नवोदयला मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा. यात निरूपा रॉय यांची जन्मतारीख कुठे येते? पुढे मोठेपणी ज्याला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे तो त्या वयात पाठ करेल. आठ वर्षांच्या मुलाच्या कानावरून गेलेली तारीख दुपारच्या खिचडीपर्यंतही टिकत नाही. खात्री नसेल तर उद्या परिपाठ झाल्यावर तासाभराने विचारून बघा, आज कोणकोणते दिनविशेष होते. स्पॅगेटी आठवेल, कारण तो शब्द तोंडात मजेदार वाटतो.

दुसरी गोष्ट जास्त खरी आहे. भेटीला येणारे साहेब परिपाठाची वही बघतात, आणि भरलेलं पान दिसलं की त्यांना बरं वाटतं. एकच दिनविशेष लिहिलेला दिसला तर विचारतात, बाकीचे कुठे? यावर माझा उपाय असा की यादी वहीत चिकटवून ठेवावी, ज्याला बघायची त्याने बघावी, आणि शेजारी मुलांनी विचारलेले प्रश्न लिहावेत. ४ जानेवारीच्या पानावर माझ्याकडे असे अकरा प्रश्न आहेत. ‘दृष्टिहीन माणसाला स्वप्न पडते का’ हा त्यातला एक. ‘ब्रेलमध्ये शुद्धलेखनाच्या चुका होतात का’ हा दुसरा. एका साहेबांनी ते पान उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्ची मागवली.

वाचणाऱ्या मुलाचाही विचार करा. यादी वाचायला आपण नेहमी तेच चार-पाच जण निवडतो, कारण ‘आंतरराष्ट्रीय’, ‘संयुक्त राष्ट्रसंघ’, ‘उद्घाटन’ हे शब्द बाकीच्यांना झेपत नाहीत. ज्याला अडखळत वाचता येतं त्याची पाळी येतच नाही. आली तर सगळ्या शाळेसमोर त्याची फजिती होते आणि तो पुढच्या पाळीला घरी राहतो. एकच दिनविशेष असला की हे बदलतं. वाचायचंच नसतं, सांगायचं असतं. आदल्या दिवशी त्याला गोष्ट ऐकवायची, तो आपल्या बोलीत सांगतो. लुईच्या डोळ्यात आरी गेल्याची गोष्ट आमच्याकडे ज्याने सांगितली त्याला अजून जोडाक्षरं नीट वाचता येत नाहीत. त्याच्या मामाचं चपला दुरुस्तीचं काम आहे. आरी कशी धरायची, ती का निसटते, हे त्याने हाताने करून दाखवलं. ते कुठल्या यादीत लिहिलेलं नव्हतं.

स्पॅगेटीला मी पूर्ण हाकललेलं नाही, हे पण सांगते. त्या तिसरीतल्या मुलाला उत्तर हवंच होतं. स्पॅगेटी म्हणजे इटलीतल्या लोकांच्या लांब शेवया, गव्हाच्याच, पण उकडून, टमाट्याच्या रश्शात खातात. मग आपल्या शेवया कधी करतात? उन्हाळ्यात, कारण वाळायला ऊन लागतं. कुरडया, पापड त्याच वेळी. मग इटलीतले लोक जानेवारीत कशा करतात? इथून गोष्ट कारखान्यात वाळवण्यापर्यंत गेली. हे सगळं मधल्या सुट्टीत झालं, परिपाठात नाही. गमतीच्या दिवसाची जागा तीच आहे असं मला वाटतं, आणि तिथे तो चांगला शोभतो.

आणखी एक सुचवते. प्रत्येक शाळेने स्वतःच्या गावाचा दिनविशेष जमवावा. शाळेची पहिली हजेरी कोणत्या तारखेला लागली ते सामान्य नोंदवहीच्या, म्हणजे दाखलखारीज रजिस्टरच्या पहिल्या पानावर सापडतं. गावात वीज कधी आली, पहिली एस.टी. कधी आली, नदीला मोठा पूर कधी आला, गावातली पहिली मुलगी दहावी कधी पास झाली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला १८६७ मध्ये, आणि तो आपल्या मलकापूरवरूनच पुढे गेला. पोरं रोज त्या गाड्यांचा आवाज ऐकतात. या तारखा आजोबांना विचारल्या की तीन आजोबा तीन वर्षं सांगतात. मग खरं कोणतं हे ठरवण्यासाठी कागद शोधावा लागतो, ग्रामपंचायतीत जावं लागतं. इतिहासाचं पुस्तक कसं तयार होतं हे मुलांना त्याशिवाय कसं कळेल? आमच्याकडे आत्तापर्यंत अशा नऊ तारखा जमल्या आहेत आणि दोनवर अजून भांडण चालू आहे.

४ नंतर दोनच दिवसांनी ६ जानेवारी येते. १८३२ मध्ये त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, म्हणून तो पत्रकार दिन. आणि लुई ब्रेल गेला तोही ६ जानेवारीलाच. आमच्या पाचवीने यावर हात वर करून मतदान घेतलं. ब्रेलवाले म्हणाले, आत्ताच तर त्याचा वाढदिवस केला, लगेच कसं सोडायचं. दर्पणवाले म्हणाले, त्याला चार तारीख दिली, आता सहा आमची. बारा विरुद्ध नऊ मतांनी दर्पण निवडून आला. ‘दर्पण’च्या पानावर एका रकान्यात मराठी आणि शेजारी इंग्रजी मजकूर असायचा, म्हणून फळ्याचे दोन भाग केले आहेत. डावीकडे गावातल्या तीन बातम्या लिहायच्या, उजवीकडे त्याच इंग्रजीत. ‘बकरी हरवली’ हे इंग्रजीत कसं लिहायचं यावर काल अर्धा तास गेला. हरलेल्या नऊ जणांनी तुरीचे पुठ्ठे परत मागितले आहेत, बातमीचा मथळा त्यांना ब्रेलमध्ये लावायचा आहे.